दारामागची चार पोती

आत्ती,

तू गेलीस त्या दिवशी तुला बाहेर न्यायला दार पुरेना. दारामागं तुझी चार पोती. मला आठवतं तेव्हापासून ते दार अर्धंच उघडायचं, आणि मी, तू, शेजारीपाजारी, भिक्षेला येणारे जंगम अय्यासुद्धा अंग चोरून आत शिरायचे. आपल्यात देह बसवून नेतात आणि बसवलेल्या देहाला अंग चोरता येत नाही. खांदा द्यायला आलेले चौघे खोळंबून उभे राहिले. मी एकेक पोतं ओढत अंगणात नेलं, मग तू निघालीस. त्या घडीला रडावं की तुझ्यावर ओरडावं हे मला कळत नव्हतं. खरं सांगायचं तर ओरडणंच जास्त जवळ आलं होतं.

याहून संतापाची गोष्ट पुढं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धुऊन अंगणात आलो, पोती दिसली, आणि मी ती उचलून पुन्हा दारामागं नेऊन लावली. कुणी सांगितलं नव्हतं. हातांनी आपणहून केलं. चौथं पोतं टेकवल्यावर माझ्या लक्षात आलं आणि मी तिथंच भिंतीला टेकून उभा राहिलो. वळसंगच्या शिवारातल्या सगळ्या घराण्यांत पहिला बी.ए. झालेला माणूस!

तुझ्या खोलीचं काय करायचं हे तुला ठाऊक होतंच. माझ्या धाकट्या बहिणीला, गौरीला, तूच बोलावलं होतंस. संक्रांतीला अप्पा सोलापूरला आले तेव्हा तूच म्हणालीस, "पोरगी हुशार हाय. माझ्याकडं धाड. बसूला शिकवलं, हिला बी शिकवीन." अप्पांना बहिणीचा शब्द मोडता येत नव्हता म्हणून ते हो म्हणाले, पण तिला आलेल्या अक्कलकोटाकडच्या स्थळाला त्यांनी नाही कळवलं नव्हतं. चैत्रात मी तुला म्हणालो, "आत्ती, गौरी येणार, तर तिला हातपाय पसरायला जागा नको का? ही खोली आवरू या." तू म्हणालीस, "माझ्या कुशीत झोपंल की." मी म्हणालो, "आणि पुस्तकं? तीही कुशीत?" तू माझ्याकडं पाठ करून ज्वारी निवडायला लागलीस. आपलं ते भांडण तिथंच थांबलं. पुरं करायला तू थांबली नाहीस.

तुला माती देऊन आल्यावर अप्पांनी तुझ्या खोलीच्या उंबऱ्यात उभं राहून आत पाहिलं. रॉकेलचे रिकामे डबे एकावर एक छताला टेकलेले, खुंटी खुंटीला गाठोडी, कोपऱ्यात फुटक्या घागरी. म्हणाले, "बसू, हितं पोरगी कुटं झोपंल? डब्यावर? अक्काचा शब्द होता, अक्का गेली. शाळा उगडायच्या आत ही जागा मानसाला ऱ्हायजोगी दिसली तर गौरीला आनून सोडतो. न्हाईतर त्या स्थळाला व्हय म्हनतो. मला बी एकदाचं मोकळं होऊ दे."

म्हणजे गौरीची शाळा तुझ्या डब्यांवर येऊन ठेपली होती, आत्ती. आणि माझ्या हाती तीन आठवडे होते.

तुझ्या नावानं शिवगणाराधनेचा विधी झाला, पाहुणे गेले, आणि मी कामाला लागलो. मास्तर माणूस, तेव्हा आधी पद्धत ठरवली. तीन ढीग करायचे : ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. अंगणात खडूनं तीन चौकोन आखले. पहिली वस्तू हाती आली ती कंदिलाची तडकलेली काच, तडकलेल्या जागी तू कागद चिकटवला होतास. मी ती 'टाकायचं'च्या चौकोनात ठेवली आणि कानात तुझा आवाज आला, "इरली बिडू, तम्मा, असू दे की. काय खायला मागतंय व्हय?" काच 'ठेवायचं'मध्ये गेली. दुसरी वस्तू, पत्र्याची डबी, तळ गेलेला. इरली बिडू. तिसरी, छत्रीचा नुसता दांडा. संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला तेव्हा माझ्या पहिल्या चौकोनात डोंगर होता आणि बाकी दोन चौकोनांत खडूच्या रेघा.

दुसऱ्या दिवशीही तेच. वर्गात पंचेचाळीस पोरांना गप्प बसवणारा मी, मेलेल्या माणसाच्या एका कानडी शब्दापुढं हरत होतो. इरली. असू दे. किती वर्षं मी त्या शब्दाशी भांडलो! पुण्याहून सुट्टीला आलो की पहिल्या दिवशी मी झाडून काढायचो आणि दुसऱ्या दिवशी ते सगळं पुन्हा आत असायचं. एकदा तर मी एक तुटकी फणी गल्लीच्या टोकाला नेऊन फेकली, आणि तू पाणी आणायला गेलीस ती फणी घेऊन परतलीस. चिडून मी म्हणालो होतो, "तुला नको म्हणताच येत नाही का गं कशाला?"

तू शांतपणे म्हणालीस, "म्हनता आलं असतं तर तू कुटं असतास?"

तेव्हा त्याचाही मला रागच आला होता. तुझ्याकडं आलो तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. अप्पा मला घेऊन तुझ्या दारात आले होते. गावच्या शाळेत शिकण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि शहरातल्या इंग्रजी शाळेजवळ राहायला आमचं दुसरं कोणी नव्हतं. तू गिरणीत सूत गुंडाळायला, रिळावर, जात होतीस, तुझे मालक, आमचे मामा, जाऊन वर्षही झालं नव्हतं, दोन खोल्यांत तूच कशीबशी मावत होतीस. अप्पा बोलायला अडखळत होते. तू माझ्याकडं वरून खाली पाहिलंस आणि अप्पांना म्हणालीस, "इरली." एवढंच. मग डब्यांची एक रांग भिंतीकडं सरकवून माझी वळकटी टाकलीस. त्या डब्यांच्या रांगेतच मी शिकलो, मॅट्रिक झालो, तिथूनच पुण्याला गेलो. हे मला कळत नव्हतं असं नाही. पण कळणं आणि सांगणं यांत जे अंतर असतं ते मी तुझ्या हयातीत चाललो नाही. निबंधात कृतज्ञता कशी व्यक्त करावी हे मी मुलांना शिकवतो. तुला मात्र मी फक्त "हे फेक, ते फेक" एवढंच ऐकवलं.

तिसऱ्या दिवशी शेजारची नरसक्का हातमाग थांबवून कुंपणापाशी आली. तुझी मैत्रीण. तिच्या तेलुगूला तू कानडीत उत्तर द्यायचीस आणि तुमचं दोघींचं बिनसायचं ते मराठीत. माझे चौकोन तिनं पाहिले.

"काय करलालाव मास्तर? खेळ मांडलाव?"

"आवरतोय, नरसक्का."

"असं आवरत नसतंय. तुमी वस्तूला इचारलालाव, तू ऱ्हाते का जाते? वस्तू काय सांगंल? ती ऱ्हाते म्हनतीया." तिनं खाली वाकून एक औषधाची बाटली उचलली. "हे कुनाला लागतंय ते इचारा. वस्तूला न्हवं, मानसाला."

 तूही आयुष्यभर 'लागतंय' म्हणत आलीस, आत्ती. "असू दे, लागतंय." पण कुणाला, हे तू कधी पुढं म्हणाली नाहीस आणि मला ते विचारायचं कधी सुचलं नाही. आपण दोघं सोळा वर्षं अर्ध्या वाक्यावर भांडलो.

मग मात्र काम चाललं. तुझ्या औषधाच्या बाटल्या, डोस मोजायला कागदाच्या कातरलेल्या पट्ट्या चिकटवलेल्या, टोपलीभर होत्या. दवाखान्यात बाटली घरून न्यावी लागते आणि निम्मे लोक हात हलवत येतात. कंपाउंडरला टोपली दिली तर तो मला आत बसवून चहा पाजायला निघाला. गिरणीतल्या फुटक्या लाकडी कांड्या नरसक्काच्या चुलीला गेल्या. पहिली कांडी सारताना ती म्हणाली, "रमाक्का, तुझ्यावर आज भात शिजतोय," आणि मग पदर तोंडाला लावला. चांगले डबे रंगाऱ्याकडं गेले. जुन्या लुगड्यांचे तुकडे धुऊन, उन्हात वाळवून, बाळंतिणीच्या घरी.

आता पोती. पहिल्या पोत्यात पोती निघाली. पोत्यात पोती, आत्ती! घडी घालून, सुतळीनं बांधून! दुसऱ्यात चिंध्या. तिसऱ्यात चिंचोके, तोंडापर्यंत भरलेले. मी कपाळावर हात मारला. चिंचोके कशाला कुणी साठवतं? नरसक्का म्हणाली, घोंगड्यांना खळ द्यायला धनगर चिंचोके शोधत फिरतात. दुपारी एक धनगर आला आणि पोतं खांद्यावर टाकून मला दहादा नमस्कार करत गेला. म्हणजे तुझंच खरं ठरलं. लागतंय म्हणालीस, लागलं. पण बाई, इतक्या वर्षांनी! मधल्या काळात त्या पोत्यावर माझी नडगी किती वेळा आपटली त्याचा जाब कोण देणार?

चौथं पोतं मात्र कुणालाच लागलं नाही. छत्र्यांच्या काड्या, किल्ली हरवलेली कुलपं, कुलूप हरवलेल्या किल्ल्या, एका पायाच्या चपला. ते मी उकिरड्यात नेऊन रिकामं केलं. रिकामं करताना बरं वाटलं, हेही तुला सांगतो. घरी येईपर्यंत ते बरं वाटणं टिकलं नाही.

आणि मग फळीवरचं लाल गाठोडं.

तुला आठवत असेल, बी.ए. होऊन आल्यावर मी माझी कॉलेजची ट्रंक उपसली होती. वह्यांचा ढीग निघाला. तो मी कोपऱ्यावरच्या खाऱ्या शेंगदाण्यांच्या गाडीवाल्याला देऊन टाकला, पुड्या बांधायला. तुला कळलं तेव्हा तू हातातली परात खाली ठेवलीस.

"बी.ए. इकलास?"

मी हसून म्हणालो, "आत्ती, बी.ए. वह्यांत नसते. ती डोक्यात असते."

"डोस्कं कुनी बगितलंय? वह्या समद्या गल्लीनं बगितल्यात."

तीन दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. भाकरी पुढं सरकवायचीस ती भिंतीला सांगून : "ज्याला भूक हाय त्यानं खावं." चौथ्या दिवशी आपसूक बोलायला लागलीस आणि मला वाटलं, अखेर माझं म्हणणं तुला पटलं. केवढा मूर्ख मी!

गाठोड्यावर विभूतीचे आणि कुंकवाचे थर होते, जुने, त्यावर नवे. दसऱ्याला तू खोलीचं दार लोटून पूजा करायचीस. मला वाटायचं, विळा आणि रिळाचा आकडा पुजतेस. मी गाठ सोडली. आत वह्या. वाटलं, माझ्याच.  पहिली वही उघडली आणि पाहिलं तर अक्षर माझं नाही. कुणा तिसरीतल्या पोराच्या वह्या. पानापानावर लाल शाई. 'पुन्हा लिही.' 'शुद्धलेखन सुधार.' एका पानावर मास्तरांनी नुसतं 'गाढव' लिहून खाली सही केली होती, आणि नेमका त्याच पानावर तुझ्या कुंकवाचा बोटभर टिळा.

मी तडक शेंगदाणेवाल्याकडं गेलो. तो आधी ओशाळला, मग हसायला लागला. "तुमच्या आत्या आल्या हुत्या की मास्तर. भर उनात. म्हनल्या, माझ्या पोराची बी.ए. दे परत. मी म्हनलं, आवं, त्याच्या तर पुड्या झाल्या, लोकांनी दानं खाऊन फेकल्या. आयकंनात. जागच्या हालंनात. मग काय करू? गठ्ठ्यातलं चांगलं जाड जाड बगून दिलं काडून. लई खूश होऊन गेल्या."

रस्त्यात उभा राहून मी हसलो, आणि हसता हसता मला इतका राग आला की विचारू नकोस. तीन दसरे तू कुणा नापास पोराला कुंकू लावत बसलीस! मला एकदा विचारलं असतंस तर! मी पहिलं पान बघूनच सांगितलं असतं. पण विचारशील कशी? मी तुला हसलो होतो ना. डोक्यात असते म्हणालो होतो. तुला वाचता येत नाही हे मी त्या वाक्यात तुला किती सहज सांगून टाकलं, ते तीन वर्षांनी माझ्या ध्यानात आलं. त्या वह्या कुणालाच लागत नाहीत. नरसक्काच्या हिशेबानं त्या उकिरड्याच्या. माझ्या टेबलाच्या खणात आहेत. यावर तू काही बोलू नकोस.

शनिवारी खोली सारवून झाली. एक चटई, एक खुंटी, एक खिडकी. त्या भिंतीला खिडकी आहे हे मला या घरात इतकी वर्षं राहूनही माहीत नव्हतं.

रविवारी दुपारी अप्पा गौरीला घेऊन गावच्या सर्व्हिस मोटारीनं आले. मी अभिमानानं दार उघडलं. अप्पा आत गेले, खोलीच्या मधोमध उभे राहिले, चारही भिंतींकडं पाहिलं, आणि बाहेर येऊन ओट्यावर बसले. चहा दिला तो घेईनात.

"काय झालं अप्पा? जागा कमी आहे का?"

"जागा लई हाय." त्यांनी कप लांब सारला. मग म्हणाले, "अक्काचं एक भांडं न्हाय, एक चिंधी न्हाय. धुऊन काडलास व्हय रं माझ्या बहिनीला? ईस दिस झालं न्हाईत. जिनं तुला मानूस केला तिला ईस दिसांत इसरलास, तर माझ्या पोरीला किती दिसांत इसरशील? हितं न्हाय ठेवत मी तिला. चल गं."

आत्ती, ते तुझे भाऊ म्हणून मी स्वतःला आवरलं. नाहीतर त्या क्षणी माझ्या तोंडात जे होतं ते मुलाच्या तोंडी शोभणारं नव्हतं. हेच अप्पा नव्हते का, डब्यावर झोपंल का म्हणून विचारणारे? ठेवलं तर जागा नाही, काढलं तर माया नाही! मी म्हणालो, "तुम्हीच सांगितलंत—" आणि माझा आवाज चिरकला. मोटार परतायला तासभर होता. अक्कलकोटाकडच्या लोकांना होकार द्यायला एक पोस्टकार्ड पुरलं असतं.

गौरी आतापर्यंत खोलीतच होती. तिचं बोचकं अजून हातात. ती दारात आली. तिला तू शेवटची पाहिलीस तेव्हापासून वीतभर उंच झाली आहे.

"अप्पा."

"चल म्हनलं न्हवं?"

"आत्तीचं कायबी न्हाय म्हनता, मग मला ठेवा की आत्तीच्या जागी. मी तिचीच न्हवं का? मग खोली रिकामी कुटं ऱ्हायली?"

 अप्पांची दाढी हलली. तुझा भाऊ रडताना मी दुसऱ्यांदाच पाहिला, पहिल्यांदा तुला माती देताना. मग खेकसून म्हणाले, "लई बोलाय लागलीस. अजून हितल्या शाळंत गेली न्हाईस तर ही तऱ्हा." आणि माझ्याकडं न बघता, "च्या निवला. दुसरा कर."

ते संध्याकाळच्या मोटारीनं एकटेच गेले.

शाळा सुरू होऊन आज आठवडा झाला. माझं तुझ्यावरचं चिडणं काही संपलेलं नाही, उगाच खोटं लिहीत नाही. उंबऱ्याशी आलो की अजूनही अंग चोरतो आणि स्वतःवरच वैतागतो. थोडं तुझ्याशी बोलावंसं वाटलं म्हणून हे लिहिलं. तुला वाचता येत नव्हतं, तेव्हा नरसक्काला वाचून दाखवीन.

आज सकाळी गौरी खोलीत बसून इंग्रजी शब्द घोकत होती. भिंती मोकळ्या, त्यामुळं तिचा आवाज घुमत होता. तिला त्याची सवय नाही. दोन शब्द म्हटले आणि दचकून थांबली, मग पुटपुटायला लागली. मी इकडून दाढी करता करता ओरडलो, "गौरे, मोठ्यानं वाच."

"दादा, लई आवाज व्हतोय."

"होऊ दे. मोठ्यानं वाच."